छप्पन्न मिलिमीटरच्या नळीसमोर उभा राहणारा माणूस

बॉयलरच्या नळ्यांतली काजळी काढायला ब्रश कधी मारायचा हे बॉयलरसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तक्ता पण असतो, पण इचलकरंजीच्या सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांमधून, फिरताना मला जे दिसलं ते असं की खरा निर्णय कोपऱ्यात उभा केलेला ब्रश घेतो. तो जड असेल, दांडा वाकलेला असेल, मागच्या वेळी मधेच अडकून अख्खी सकाळ गेली असेल, तर 'या रविवारी नको, पुढच्या रविवारी बघू' करत करत ते काम लांबत जातं आणि तेवढे दिवस भट्टीत जास्तीचा पांढरा कोळसा, म्हणजे शेतमालाच्या भुशाचे ठोकळे, पडत राहतो. मी हल्ली या एकाच अवजाराच्या मागे लागलेय. घरचे विचारतात एवढं काय आहे त्या ब्रशात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लागला आणि त्या गावाचं सगळं आयुष्य मागाभोवती उभं राहिलं. मागावर जायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ चढवावी लागते, नाहीतर ते मागाचा ताण आणि घासणी सोसत नाही, तुटतं. ती खळ शिजवायला वाफ लागते आणि खळ लावलेलं सूत मोठ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात त्यालाही वाफच लागते. म्हणजे सायझिंग म्हटलं की बॉयलर आलाच. लहान कारखान्यात बहुतेक फायर ट्यूब जातीचा असतो, म्हणजे पाणी बाहेर आणि धूर नळ्यांच्या आतून. भट्टीतला धूर मागच्या खोलीत जातो, तिथून वळून दुसऱ्या पासच्या, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या, नळ्यांतून पुढं येतो, पुढच्या दरवाज्यापाशी परत वळतो आणि तिसऱ्या पासच्या नळ्यांतून मागं जाऊन चिमणीला लागतो. नेहमीची नळी बाहेरून ६३.५ मिलिमीटर, भिंत साडेतीन-पावणेचार, म्हणजे आत धूर जायला उरतात साधारण ५६ मिलिमीटर. माझं सगळं डिझाईन या छप्पन्नात बसवायचंय.

या नळीत काजळी आणि राख बसली की काय होतं? पोलाद उष्णता पटकन पुढं देतं, काजळी ती अडवून धरते, शेकडो पटींनी जास्त. मग धुरातली उष्णता पाण्याला न मिळता तशीच चिमणीतून वर जाते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात याचे ठोकताळे दिलेत. चिमणीकडे जाणाऱ्या धुराचं तापमान दर २२ अंशांनी वाढलं की एक टक्का कार्यक्षमता गेली, काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की इंधन अडीच टक्क्यांनी वाढतं, आणि नुकत्याच साफ केलेल्या बॉयलरच्या मानानं धूर २० अंशांनी गरम यायला लागला की नळ्या साफ करायची वेळ झाली. म्हणजे समजा साफ असताना १८० अंश होतं आणि आता २५० दाखवतंय, तर तीन टक्क्यांच्या वर गेले. दिवसाला चार टन इंधन जाळणाऱ्या कारखान्यात ते सव्वाशे किलोच्या घरात जातं, आणि हे रोजचं. पाण्याच्या बाजूला बसणाऱ्या क्षाराची सगळ्यांना काळजी असते, सॉफ्टनर लावतात, केमिकलवाला येऊन पाणी तपासून जातो, पण धुराच्या बाजूला मात्र एक माणूस, एक सळई आणि एक तारेचा ब्रश.

त्या माणसाशी बोलल्याशिवाय काही करायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. एका सायझिंगमधले फायरमन अण्णा, बरीच वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, त्यांनी रविवारी बॉयलर बंद असताना मला बोलवलं. पुढचा दरवाजा उघडला की नळ्यांची तोंडं दिसतात, खालची ओळ गुडघ्याला, वरची डोक्याच्याही वर. मी विचारलं, अण्णा, सगळ्या नळ्यांना किती वेळ लागतो?

"येळेचं सोडा ताई, येळ काय रविवारचा असतोयच. पण वरच्या तीन लायनी झाल्या की खांदा हातात ऱ्हात न्हाई बघा."

मग खालच्या आधी का नाही घेत, दम असतो तोवर?

"खालच्या आधी मारल्या की वरची राख त्यांच्यातच पडतीया न्हवं."

बरोबर होतं. वरून खाली यायचं हा नियम राखेनं घालून दिलेला, म्हणजे सगळ्यात अवघड ओळ आधी आणि तीही हात डोक्यावर धरून. त्यांचा दांडा होता १२ मिलिमीटरच्या भरीव सळईचा. मीटरला जवळजवळ नऊशे ग्रॅम. नळी तीन मीटरच्या वर, शिवाय पकडायला बाहेर हात-दीड हात, म्हणजे नुसता दांडाच साडेतीन-चार किलो, आणि तो एका टोकाला धरून आडवा उचलायचा. चार किलो ऐकायला काहीच नाही, पण चार मीटर लांब चार किलो डोक्याच्या उंचीला आडवे धरून बघा, मनगट पहिल्याच नळीला बोलायला लागतं. आणि सळई सरळ आत जातच नाही, ढकलली की कमानीसारखी वाकते आणि तुमचा अर्धा जोर नळीच्या भिंतीवर घासण्यात जातो.

म्हणून मी पहिल्यांदा हात घातला तो वजनाला. यात काही शोध नाही, साधा हिशोब आहे. भरीव सळईच्या ऐवजी पातळ भिंतीचा पोकळ पाइप घेतला, फर्निचरवाले वापरतात तसला, बाहेरून १६ मिलिमीटर आणि भिंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास, तर मीटरला साडेचारशे ग्रॅमच्या आसपासच भरतं. वजन निम्म्यावर आलं आणि ताठपणा उलट दीडपट झाला, कारण वाकायला विरोध करतं ते मध्यापासून लांब असलेलं लोखंड, मधलं लोखंड नुसतंच ओझं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा पाइप मागितला तेव्हा दुकानदार म्हणाले, बॉयलरला? त्यांना वाटलं मी वाफेसाठी नेतेय, आणि ते मला परत परत बजावत राहिले की हा प्रेशरचा पाइप नव्हे बाई. मला ते फार आवडलं. फायबरचे दांडे पण मिळतात, याहून हलके, पण आदल्या रात्री बंद केलेला बॉयलर सकाळी चांगलाच गरम असतो आणि फायबरमधला रेझिन असल्या उष्णतेत कितपत टिकेल याची मला खात्री वाटेना, म्हणून लोखंडावरच राहिले.

आता लांबी. बॉयलरच्या पुढं नळीच्या लांबीइतकी मोकळी जागा ठेवायला हवी, पण प्रत्यक्षात तिथं इंधनाची पोती असतात, नंतर बांधलेली भिंत असते, कुठं पाण्याची टाकी असते. एकसंध दांडा आत जाणारच नाही, तुकडे जोडत जोडतच न्यावा लागतो. तुकडे आले की जोड आला, आणि हा जोड म्हणजे या अवजाराचं मर्म. नेहमी आटे पाडून जोडतात. आट्यांचं असं आहे की दांडा उजवीकडे फिरवला तर ते आवळतात आणि डावीकडे फिरवला की सुटतात, आणि ब्रश अडकलाय म्हटल्यावर माणूस दोन्हीकडे हिसडे देतोच, तो काय उजवं-डावं आठवत बसत नाही. मग दांडा हातात येतो आणि ब्रश नळीच्या पोटात राहतो. तो काढायला मागचा दरवाजा उघडा, मागून ठोका, रविवार गेला.

या जोडाचा विचार करताना मी धुराड्यांच्या जुन्या इतिहासात शिरले आणि तिथून लवकर बाहेर पडता आलं नाही. इंग्लंडमध्ये त्या काळी धुराडी साफ करायला लहान पोरं आत चढवायचे. पाच-सहा वर्षांची, अंग बारीक म्हणून. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं दाखवून दिलं की या पोरांना मोठेपणी होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो. धंद्यामुळे कॅन्सर होतो हे इतकं स्पष्ट मांडलं गेल्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी ते आहे. मग १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट नावाच्या माणसानं एक हत्यार केलं, पोकळ नळ्या पितळी खोबण्यांनी एकमेकींत बसणाऱ्या, टोकाला ब्रश, आणि सगळ्या नळ्यांच्या आतून ओवलेली एक दोरी. १८२८ मध्ये जोसेफ ग्लासनं वेताच्या लवचिक दांड्यांचं सुधारलेलं हत्यार आणलं. म्हणजे हत्यार तयार होतं, चालत होतं. तरी पोरं चढत राहिली. १८३४ ला कायदा झाला, १८४० ला एकवीस वर्षांखालच्या कुणाला चढवायचं नाही असा कायदा झाला, १८६४ ला अजून एक, आणि तरीही १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळ फुलबर्नच्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकून दगावला, तेव्हा कुठं त्याच वर्षी परवाने आणि पोलिसांची देखरेख आली आणि ते खऱ्या अर्थानं थांबलं. चांगल्या ब्रशापासून शेवटच्या मुलापर्यंत बहात्तर वर्षं. घरमालक म्हणायचे हत्यारानं धुराडं खराब होतं, पोरगं चांगलं साफ करतं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि अजूनही कुणी 'चालतंय की आत्ताच्या सळईवर' म्हटलं की मला तेच घरमालक आठवतात.

आपल्याकडेही माणसं आत जायचीच. मुंबईच्या गिरण्यांमधले लँकेशायर बॉयलर, १८४४ च्या सुमारास फेअरबर्ननं इंग्लंडात काढलेली ही जात, अठ्ठावीस-तीस फूट लांब, आत दोन मोठी भुयारं आणि बाहेरून विटांच्या बांधकामातून धूर फिरवलेला. ते विटांचे बोळ साफ करायला माणूस सरपटत आत जायचा, दुसरा उपायच नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्यात पुढं कलमही आलं की पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर अशा बंद जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवा न्यायचा नाही, आणि त्या जागांच्या यादीत धुराचा मार्ग नाव घेऊन घातलेला होता. आजच्या छोट्या बॉयलरच्या नळीत कुणी जाऊच शकत नाही. पण काजळी तीच आहे आणि ती आता बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येते.

तर स्मार्टची दोरी. मी ती उचलली, उघड उघड उचलली, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाकडून घ्यायला काय हरकत आहे. पाइप पोकळ असल्यामुळे आतून ३ मिलिमीटरचा तारेचा दोर ओवता येतो, एक टोक ब्रशाच्या बुडाला, दुसरं हाताकडच्या तुकड्यात. आता जोड सुटला तरी ब्रश आत राहत नाही, दोर ओढला की येतो. जोडाला आटे ठेवलेच नाहीत, एक पाइप दुसऱ्यात सरकतो आणि स्प्रिंगवरचं बटण भोकात बसतं, त्यामुळे उजवीकडे फिरवा नाहीतर डावीकडे. ते बटण जाड हातमोज्यातून दाबता आलं पाहिजे म्हणून आठ मिलिमीटरचं ठेवलं, आणि बटणाच्या समोरच्या बाजूला मुद्दाम एक भोक पाडलं, आत गेलेली राख तिथून गळून पडावी म्हणून. राख सगळीकडे जाते. जिथं ती अडकू शकते तिथं ती अडकणारच असं धरूनच प्रत्येक भाग काढावा लागतो.

मूठ हा माझा लाडका भाग, त्यावर जरा जास्त बोलते. दांड्याच्या शेवटी टी आकाराची मूठ बसवली की सुरुवातीला मूठ नळीपासून चार मीटर लांब असते आणि शेवटी तोंडाला टेकते, म्हणजे माणसाला दांड्याबरोबर मागं-पुढं चालावं लागतं, आणि मागं तर भिंत आहे. मला हवं होतं की माणूस एका जागी उभा राहील, हात छातीसमोरच्या त्याच हातभर अंतरात पुढं-मागं होतील आणि दांडा हातातून सरकत आत जाईल. म्हणून मूठ दांड्यावर सरकणारी केली. सिलिकॉन भरायच्या गनमध्ये तिरकी पट्टी असते बघा, एका बाजूला धरते आणि दुसऱ्या बाजूला सोडते, तशीच पट्टी मुठीत आहे. पुढं ढकललं की दांडा पकडते, मूठ मागं घेतली की मोकळी सरकते. परत ओढायच्या वेळी एक खटका फिरवला की उलटं. तेलकट काजळी दांड्यावर लागली की पट्टी घसरते, म्हणून पट्टीच्या भोकाची कड धारदार ठेवायला लागते आणि ती झिजली की बदलायची, दोन स्क्रूंचं काम. मुठीचा जाडपणा पस्तीस मिलिमीटरच्या आसपास, कारण त्याहून बारीक मूठ हातमोजा घालून आवळताना बोटं दुखतात.

वरच्या ओळींसाठी एक आकडा, म्हणजे हूक, केलाय. शेजारच्या नळीत घालून फिरवला की घट्ट बसतो आणि बाहेर व्ही आकाराची फिरकी धरून राहतो, दांड्याचं वजन त्या फिरकीवर. अण्णांनी तो लावून पहिली वरची ओळ मारली आणि काहीच बोलले नाहीत, दुसरी मारली, मग आकडा काढून आपल्या हातानं पुढच्या नळीत लावला. मला विचारलं नाही, दाखव म्हणाले नाहीत. डिझाईन शिकवणाऱ्यांनी सांगितलेल्या सगळ्या चाचण्यांपेक्षा मला ती जास्त खरी वाटली.

आता ब्रश. तारेचा ब्रश नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा असावा लागतो, तरच भिंत घासली जाते. पण त्यामुळे आत जाताना तारा मागं झुकतात, आणि मधेच उलटा ओढला तर त्या भिंतीत रुततात आणि ब्रश पाचर मारल्यासारखा बसतो. म्हणून नियम एकच, पलीकडे पूर्ण बाहेर काढायचा आणि मगच परत ओढायचा. अंधारात पलीकडे पोचला की नाही कसं कळणार? दांड्यावर एक उंचवटा दिलाय, तो मुठीत लागला की समजायचं ब्रश बाहेर पडला. खूण रंगानं करून उपयोग नाही, पहिल्याच दिवशी काळी होते. पुढं गुळगुळीत नाक ठेवलंय, कारण नळीच्या तोंडाशी वेल्डिंग असतं आणि मोकळा ब्रश तिथं अडखळतो, मग माणूस ठोकतो, आणि तोंडावर ठोकाठोकी झाली की नळीचा जोड गळायला लागायची भीती.

सगळ्यात चिवट थर कुठं असतो तर दुसऱ्या पासमध्ये मागच्या टोकाला, जिथं भट्टीतून आलेला धूर सगळ्यात गरम असतो. शेतमालाच्या भुशाच्या ठोकळ्यांत पोटॅश असतं, त्यामुळे राख लवकर मऊ होऊन चिकटते. आणि आपण ब्रश घालतो पुढून! म्हणजे सगळ्यात अवघड थर तेव्हा येतो जेव्हा दांडा सगळ्यात लांब गेलेला असतो आणि जोर सगळ्यात कमी पोचत असतो. नुसता तारेचा ब्रश तिथं वरवर फिरून येतो. म्हणून त्याच दांड्याला बसणारं दुसरं डोकं केलं, स्प्रिंगच्या पोलादाच्या पात्यांचं, पात्यांच्या कडा गोल केलेल्या, नळीवर चर पडू नयेत म्हणून. आधी पाती मग ब्रश. नळ्यांत पीळ दिलेल्या पट्ट्या घातलेल्या असतील तर त्या आधी काढायच्या, आणि त्या काढताना जो त्रास होतो त्यावर मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

श्वासाचं राहिलं. आयडी फॅन, म्हणजे धूर चिमणीकडे ओढणारा पंखा, हळू चालू ठेवून पुढचा दरवाजा उघडला तर तिसऱ्या पासच्या नळ्या पुढून हवा ओढतात आणि राख माणसापासून लांब जाते, हे जाणते फायरमन करतातच. दुसऱ्या पासला ती ओढ तेवढी मिळत नाही, तिथली राख मागच्या खोलीत पडते आणि थोडी तोंडाकडे उसळते. त्यासाठी नळीच्या तोंडावर टेकणारी नमद्याची जाड चकती केलीय, दांडा तिच्यातून सरकतो, येताना पुसूनही निघतो. मास्क त्याच्या जोडीला हवाच, चकती मास्कच्या बदल्यात नाही, हे मी मालकांना प्रत्येक वेळी सांगते.

पावसाळ्यात बॉयलर काही दिवस बंद ठेवणार असाल तर नळ्या आधी साफ करा, नंतर नाही. कोळसा किंवा फर्नेस ऑइल जाळत असाल तर काजळीत गंधक असतं, दमट हवेत ते आम्ल होऊन नळी आतून खातं. 'पावसाळ्यानंतर एकदमच करू' हे नळ्यांसाठी सगळ्यात महागडं वाक्य आहे.

माझं मागणं मात्र बॉयलर बनवणाऱ्यांकडे आणि बॉयलर हाऊस बांधणाऱ्यांकडे आहे. दरवाज्यासमोर नळीच्या लांबीइतकी जागा नकाशातच दाखवा आणि तिथं पिवळी रेघ मारा. वरच्या ओळीसाठी पायाखाली घ्यायची मजबूत फळी बॉयलरसोबतच द्या, उलटा ठेवलेला डबा नको. आणि चिमणीच्या तापमानाचा काटा भट्टीपाशी उभ्या माणसाला दिसेल असा लावा, साफ केल्याच्या दिवशीचा आकडा शेजारी खडूनं लिहू द्या. अण्णांच्या सायझिंगमध्ये तो आता लिहितात. सध्या माझं काम मुठीतल्या खटक्यावर चाललंय, डाव्या हातानं काम करणाऱ्यांना तो उलटा पडतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फिरेल असा करायचाय. तो झाला की ड्रॉइंग कुणालाही देईन, लेथ आणि ड्रिल असलेल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे बनतं.